साखर कमी, तरी बार पक्का

दुपारी चारची भूक हा माझ्या दवाखान्यात रोज निघणारा विषय आहे. सकाळी आठला डबा घेऊन निघालेला माणूस रात्री साडेआठ-नऊला जेवतो. मधल्या वेळात वडापाव, फरसाण किंवा क्रीमची बिस्किटं खाणं बरं नाही, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. म्हणून पर्समध्ये, ऑफिसच्या खणात आणि मुलांच्या दप्तरात ग्रॅनोला बार आले. त्यांच्यामागून प्रश्नही आले. ‘डॉक्टर, हे रोज खाल्लं तर चालेल ना? मधुमेह असताना चालतं का? आणि घरी केलं तर साखर कमी करता येते का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. होय, घरी साखर निम्म्याहून कमी करता येते. पण त्यासाठी बारमध्ये साखर नेमकं काय काम करते हे कळायला हवं. ते न समजता नुसती साखर कमी घातली, तर बारचा चुरा होतो आणि पुढच्या खेपेला आपण निमूटपणे जुन्या मापावर येतो.

साखरेची तीन कामं

ग्रॅनोलाचा उगम अमेरिकेतल्या आरोग्यधामांतला. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये रुग्णांसाठी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा दोनदा भाजलेला चुरा तयार केला. तो इतका टणक असे की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसे. नंतर बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी त्याची आपली आवृत्ती काढली. हे वाडग्यात घालून चमच्याने खायचं अन्न होतं. त्याची वडी पाडून ती हातात धरून खायची कल्पना फार पुढची. वडी म्हटली की दाणे एकमेकांना धरून ठेवणारं काहीतरी हवं. ते काम साखरेच्या पाकाकडे गेलं.

आपल्याकडे चिक्की करणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. गुळाचा पाक शिजवताना त्यातलं पाणी उडतं. थेंब पाण्यात टाकून टणक गोळी झाली की पाक आला. त्यात दाणे घातले आणि पाक गार झाला की तो दाण्यांना घट्ट धरतो. बाजारातला बारही याच तत्त्वावर बनतो, फक्त गुळाच्या जागी बहुधा ग्लुकोज सिरप, साखर किंवा मध असतो.

म्हणजे बारमधली साखर गोडी आणते आणि दाणे चिकटवते. तिसरं काम टिकवण्याचं. साखर पाण्याला बांधून ठेवते, बुरशी आणि जिवाणूंना वाढायला ते मिळत नाही, म्हणून वेष्टनातला बार महिनोन्‌महिने टिकतो.

आता घरचा विचार करा. आपल्याला बार सहा महिने टिकवायचा नाही, आठवडाभर टिकला तरी पुरे. गोडी थोडी चालते. उरलं चिकटवण्याचं काम, आणि ते शेंगदाण्याची पेस्ट, वाफवलेला खजूर आणि जवसाची पूड चांगलं करतात. कमी साखरेच्या बारचं सगळं गणित इथे आहे. पाकाऐवजी दुसरं काहीतरी चिकटवायला मिळालं की साखर फक्त चवीपुरती घालावी लागते.

विकत घेताना वेष्टन वाचा

रोज घरी करणं सगळ्यांना जमणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून विकतच्या बारबद्दल दोन गोष्टी सांगते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे सर्वात जास्त, ते पहिलं. मात्र एका बारमध्ये साखर तीन-चार नावांनी येऊ शकते. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, ब्राउन शुगर, मध, गूळ, खजुराचा सिरप ही सगळी साखरेचीच रूपं. प्रत्येकाचं वजन वेगळं धरल्यामुळे प्रत्येक नाव यादीत खाली दिसतं आणि ओट्स पहिल्या जागी येतात. माल्टोडेक्स्ट्रिन हा पदार्थ साखरेच्या रकान्यात मोजला जात नाही, पण तोही रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पोषणमूल्यांचा तक्ता. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगळी दाखवायची असते. ‘अ‍ॅडेड शुगर’ ही ओळ शोधा. तक्ता अनेकदा १०० ग्रॅमचा असतो आणि बार ३०-४० ग्रॅमचा, तेव्हा तेवढा हिशेब करावा लागतो. बारच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे २५-३० ग्रॅम साखर दिसणं नवलाचं नाही. म्हणजे ४० ग्रॅमच्या एका बारमध्ये १० ते १२ ग्रॅम, अर्थात अडीच ते तीन लहान चमचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक मुक्त साखरेतून यावेत आणि ते ५ टक्क्यांखाली ठेवता आले तर आणखी चांगलं. २००० उष्मांकांचा आहार धरला तर १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखरही या मोजणीत येते. लहान मुलांचा आहारच कमी, म्हणून त्यांची मर्यादाही कमी.

आपल्या देशासाठी ही बाब गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या दुसऱ्या गटातल्या माणसाला बहुधा काहीच त्रास होत नसतो. रोजच्या खाण्यातले असे लहान बदल त्याच्यासाठी सर्वात मोलाचे.

गूळ, मध आणि खजूर

‘आम्ही साखर अजिबात वापरत नाही, फक्त गूळ वापरतो’ हे वाक्य मी फार ऐकते. गूळ हा साखरेपेक्षा कमी शुद्ध केलेला पदार्थ आहे, त्याची चव सुरेख असते आणि तो वापरायला माझी हरकत नाही. पण त्यातला बहुतांश भाग साखरच असतो. १०० ग्रॅम गुळातून साधारण ३८० उष्मांक मिळतात, साखरेतून ४००. फरक एवढाच. गुळातून लोह मिळतं म्हणतात, पण एका बारमध्ये जाणाऱ्या दोन-चार ग्रॅम गुळातून मिळणारं लोह नगण्य आहे. लोहासाठी पालेभाज्या, कडधान्यं, हळीव, तीळ यांवर भर द्या आणि सोबत लिंबू किंवा आवळा घ्या.

मधाचंही तेच. त्याच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भाग साखरेचा असतो. शिवाय एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवूही नये. त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

खजुरात १०० ग्रॅममागे ६० ते ६५ ग्रॅम साखर असते, पण सोबत ७-८ ग्रॅम तंतूही असतात आणि त्याच्या गरात चिकटवण्याची ताकद असते. म्हणून मी बारसाठी खजूर निवडते. तरीही ‘खजूर म्हणजे नैसर्गिक, कितीही चालतो’ हा समज मनातून काढून टाका. मधुमेह असलेल्यांनी खजुरातली साखर हिशेबात धरलीच पाहिजे.

साखरेऐवजी कृत्रिम किंवा वनस्पतिजन्य गोडी देणारे पदार्थ घालावेत का? बारमध्ये ते मला सुचवावेसे वाटत नाहीत. ते दाणे चिकटवत नाहीत आणि जिभेची अती गोडाची सवय तशीच राहते. वजन नियंत्रणासाठी त्यांवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सुचवलं आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

कृती: १६ बारसाठी

स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर जरूर वापरा. या कृतीत अंदाजापेक्षा माप महत्त्वाचं.

रोल्ड ओट्स १५० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ३० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १६० ग्रॅम, भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया ४० ग्रॅम, तीळ २० ग्रॅम, जवस २० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १२० ग्रॅम, चिरलेला गूळ ३० ग्रॅम, एक लहान चमचा तूप, वेलची किंवा सुंठपूड, चिमूटभर मीठ.

शेंगदाणे आधी निवडून घ्या. काळे पडलेले, सुरकुतलेले, कडवट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे फेकून द्या. बुरशीमुळे दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही.

१. ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजा. बिया, तीळ आणि जवस वेगवेगळे भाजा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. जवस तडतडले की उतरवा आणि गार झाल्यावर पूड करा. अख्खे जवस अनेकदा न पचताच बाहेर पडतात.

२. शेंगदाण्यांपैकी १०० ग्रॅम मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. आधी कूट होईल, मग गोळा, आणि शेवटी तेल सुटून पेस्ट होईल. वरून तेल घालायची गरज नाही. उरलेले ६० ग्रॅम दाणे जाडसर भरडून घ्या.

३. खजूर पाच मिनिटं वाफवून मिक्सरमध्ये वाटा. पाण्यात भिजवू नका. जास्त पाणी राहिलं तर बार मऊ पडतो आणि लवकर खराब होतो.

४. कढईत तूप घालून खजुराचा गर दोन-तीन मिनिटं परता. गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून त्यात घाला. गोळा कडा सोडू लागला की गॅस बंद करा. पाक करायचा नाही. गरम असतानाच शेंगदाण्याची पेस्ट, मीठ आणि वेलची घालून एकजीव करा.

५. ओट्स, भरडलेले दाणे, बिया, तीळ आणि जवसाची पूड मिसळा. ओलावा मिळाला की जवसाची पूड बुळबुळीत होते आणि चिकटायला मदत करते. लाह्या सर्वात शेवटी घालून हलक्या हाताने कालवा.

६. ताटात बटरपेपर घालून मिश्रण अर्धा इंच जाडीचं थापा. वाटीच्या बुडाने जोर देऊन दाबा. बार फुटतो तो बहुतेक वेळा दाबणं कमी पडल्यामुळे. दोन तास फ्रिजमध्ये ठेवून मग सोळा तुकडे करा.

ओव्हन असेल तर थापलेलं मिश्रण १५० अंश सेल्सिअसवर १५-२० मिनिटं भाजलं की बार जास्त कडक होतो. पूर्ण गार झाल्यावरच कापा.

मिश्रण भुरभुरीत वाटलं तर गूळ वाढवू नका, शेंगदाण्याची पेस्ट चमचाभर वाढवा. फार चिकट झालं तर भाजलेल्या डाळ्यांची पूड घाला. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये हे बार आठवडाभर चांगले राहतात. डब्यातून नेले तर त्याच दिवशी खावेत. पाक नसल्यामुळे टिकाऊपणा कमी आहे, म्हणून एकावेळी खूप करून ठेवू नका.

उपासासाठी ओट्स आणि तीळ-जवस वगळून लाह्या, दाणे आणि खजूर यांचा बार करता येतो. मात्र लाह्या पचायला हलक्या असल्याने त्यांच्यामुळे साखर ओट्सपेक्षा लवकर वाढते. मधुमेह असलेल्यांनी अशा बारमध्ये दाण्यांचं प्रमाण जास्त ठेवावं. औषधं चालू असताना उपास करायचा का, हे मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

एका बारचा हिशेब

वरच्या मापाने एक बार सुमारे ३५ ग्रॅमचा होतो. त्यात साधारण १५५ उष्मांक, ५ ग्रॅम प्रथिनं आणि ३ ग्रॅम तंतू असतात. एकूण साखर सुमारे ७ ग्रॅम. त्यातली जवळपास ५ ग्रॅम खजुराची, दोन ग्रॅमहून कमी गुळाची आणि उरलेली दाण्यांत मुळातच असलेली.

शेंगदाणे आणि गूळ समसमान घेऊन केलेल्या चिक्कीच्या तेवढ्याच वजनाच्या तुकड्यात सुमारे १५ ग्रॅम साखर असते. चिक्की वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. लोणावळ्याहून आणलेला पुडा घरात सगळ्यांनी मिळून खावा. रोज दुपारी चारला खायचा पदार्थ म्हणून मात्र कमी साखरेचा बार अधिक योग्य.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साखर कमी झाली म्हणून उष्मांक नाहीसे होत नाहीत. दाणे, तीळ आणि बियांमधली स्निग्धता हृदयाला चांगली असली तरी तिच्यातून भरपूर ऊर्जा मिळते. १५५ उष्मांक म्हणजे दीड ते दोन पोळ्या. चहासोबत सहज तीन बार खाल्ले, तर ते एक छोटं जेवण झालं. ओट्समधलं बीटा-ग्लुकन कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतं हे खरं, पण त्यासाठी ते रोज सुमारे ३ ग्रॅम लागतं, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास ओट्स. एका बारमध्ये ओट्स असतात ९-१० ग्रॅम. तेव्हा बार हे कोलेस्टेरॉलवरचं औषध समजू नका.

कुणी काय जपावं

मधुमेह असलेल्यांनी एकावेळी एकच बार घ्यावा, तोही मधल्या वेळच्या दुसऱ्या खाण्याच्या बदल्यात. जेवणानंतर गोड म्हणून नको. घरी ग्लुकोमीटर असेल तर बार खाण्याआधीची आणि दोन तासांनंतरची साखर मोजा. दोन-तीन वेळा अशी नोंद करून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. तुमच्या शरीराला हा बार किती मानवतो हे त्या नोंदीतून कळेल.

साखर अचानक उतरली तर मात्र या बारवर विसंबू नका. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं असतील किंवा साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बारमधले तंतू आणि स्निग्धता यांमुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. एरवी हा गुण आहे, पण अशा वेळी तो उशीर धोक्याचा ठरतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा बार आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. खजूर, दाणे आणि बियांमध्ये पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर असतं.

ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनी ‘ग्लुटेनमुक्त’ असं लिहिलेलेच ओट्स घ्यावेत. साध्या ओट्समध्ये गव्हाचा अंश मिसळलेला असू शकतो.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे किंवा भरडलेले दाणे असलेला बार देऊ नका, दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यांच्यासाठी सगळे दाणे बारीक कुटून मऊ वडी करा. शाळेच्या डब्यात बार देताना मुलाला हेही सांगा की वर्गातल्या कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर त्याला वाटून द्यायचा नाही.

खजूर आणि गूळ दातांच्या फटीत चिकटून राहतात. बार खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा, मुलांनाही ती सवय लावा. आणि तंतुमय खाण्याची सवय नसेल तर सुरुवातीला अर्धाच बार खा, सोबत पाणी प्या, नाहीतर पोट फुगल्यासारखं वाटेल.

सह्याद्रीत दिवसभर चढउतार करणाऱ्यांना किंवा लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांना माझा सल्ला थोडा वेगळा आहे. अशा श्रमात स्नायूंना साखर लगेच हवी असते, त्या दिवशी चिक्कीच बरी. ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणाऱ्याने मात्र गिर्यारोहकाचा खाऊ रोज खाऊ नये.

सुरुवात कशी करावी

या रविवारी निम्म्या मापाने करून पाहा. घरच्यांना आवडला तर पुढच्या खेपेला गूळ ३० ग्रॅमवरून २० वर आणा, त्यापुढच्या खेपेला १० वर. जिभेची गोडाची सवय काही आठवड्यांत बदलते, फक्त बदल हळूहळू हवा.

आणि हाच हिशेब चहाकडेही न्या. दिवसातून तीन कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे जवळपास २५ ग्रॅम. पाच टक्क्यांची मर्यादा तिथेच संपली. बारमध्ये आठ ग्रॅम वाचवायची मेहनत घेणारच असाल, तर आजपासून प्रत्येक कपातली साखर अर्ध्या चमच्याने कमी करा. पंधरा दिवसांनी आणखी अर्ध्या चमच्याने. साखर कुठून किती येते हे घरात एकदा मोजून कागदावर लिहा आणि तो कागद पुढच्या तपासणीला सोबत आणा. औषधाचा डोस ठरवताना तुमच्या डॉक्टरांना तो रक्ताच्या अहवालाइतकाच उपयोगी पडेल.